नातीनें शिकविलेला धातुपाठ

वाचकहो, साठी उलटल्यावर माणसानें नवें कांहीं शिकूं नये, जुनेंच घोटीत बसावें, असा एक समज आमच्या समवयस्क मंडळींत रूढ आहे. परवांपरवांपर्यंत आम्हीही त्याच पंथाचे होतों. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृताची गोडी लागली ती शाळेबाहेर, एका वृद्ध शास्त्रीबोवांच्या ओसरीवर. आणि पुढें चौतीस वर्षें मुलांकडून 'देवः देवौ देवाः' वदवून घेण्यांत गेलीं. निवृत्तीनंतर परक्या भाषेच्या वाटेस जाण्याचें आम्हांस कांहीं कारण नव्हतें. परंतु कारण घडलें, आणि तें घडविलें एका सात वर्षांच्या मुलीनें. त्यांत आमच्या हातून एक चूकही झाली. त्या चुकीची हकीकत आणि तिच्या निमित्तानें शिकलेलें थोडेंसें व्याकरण, असा दुहेरी फराळ या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमची कन्या व जांवई गेलीं नऊ वर्षें स्पेन देशांत, माद्रिद येथें, नोकरीनिमित्त राहतात. नात तेथेंच जन्मली. घरांत मराठी कानांवर पडतें, तें तिला समजतें सर्व. पण तोंडांतून निघतें तें स्पॅनिश. शाळा त्या भाषेची, मैत्रिणी त्या भाषेच्या, रुसवे-फुगवेही त्याच भाषेंतले. दर रविवारीं भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तिची आमची गांठ पडते. हिंवाळ्यांत त्यांचें घड्याळ आपल्या साडेचार तास मागें असतें. म्हणून आमच्याकडे दिवेलागण होते तेव्हां त्यांच्याकडे दुपारचीं पानें मांडलेलीं असतात.

अशाच एका रविवारीं आम्ही थालिपीठ खात बसलों असतां पोरीनें पडद्यापाशीं नाक आणून विचारलें, "आबा, के कोमेस?"

"काय खातोस, असें विचारते आहे, बाबा," कन्येनें मागून सांगितलें.

आमच्या मनांत एकाच क्षणीं दोन भावना उठल्या. 'कोमेस' यांतील शेवटचा सकार ऐकतांच शास्त्रीबोवांची ओसरी आठवली: खादसि, पिबसि, वदसि! समोरच्यास उद्देशून बोलतांना क्रियापदाच्या शेवटीं येणारा हा सकार माद्रिदच्या एका पोरीच्या तोंडीं कोठून आला? ही पहिली भावना आनंदाची. दुसरी मात्र तशी नव्हती. "खातोस"? आमच्या घराण्यांत आजोबांस एकेरी हांक मारण्याची रीत नाहीं. आम्हीं कन्येस विचारलें, "त्यांच्यांत आदरार्थी कांहीं नाहींच काय?" ती म्हणाली, "आहे ना. 'उस्तेद' म्हणतात." झालें! आमच्यांतील मास्तर जागा झाला. आम्हीं बोट उचलून नातीस बजावलें, "आबांना 'उस्तेद' म्हणायचें, बरें का!"

तिनें मान खालीं घातली. पुढच्या रविवारीं ती आईनें ढकलली तेव्हां पडद्यासमोर आली, आणि हो-नाहीं यांपलीकडे बोलली नाहीं. त्यापुढच्या रविवारीं आलीच नाहीं. "अभ्यास आहे," असें उत्तर मिळालें. तिच्या आजीनें आमच्याकडे एकवार पाहिलें व ती स्वयंपाकघरांत निघून गेली. त्या पाहण्याचा अर्थ आम्हांस कळला नाहीं असें नाहीं.

रात्रीं कन्येचा दूरध्वनि आला. ती म्हणाली, "बाबा, ती रुसली नाहीं, भ्याली आहे. तिच्या जगांत 'उस्तेद' कोणास म्हणायचें? दवाखान्यांतल्या डॉक्टरांस, रस्त्यावरच्या अनोळखी म्हाताऱ्यास. शाळेंतल्या बाईंनासुद्धां मुलें 'तू' म्हणतात. तिला वाटलें, आबांनीं सांगितलें कीं मी तुझा कोणी लागत नाहीं."

आम्हीं आदर मागितला होता. पोरीच्या कानीं पोंचलें तें परकेपण. शब्द दोन्ही भाषांत आहेत, पण त्यांचीं वजनें निराळीं आहेत, हें ध्यानांत न घेतां आम्हीं पट्टी उगारली. ज्यानें जन्मभर मुलांस 'आधीं अर्थ, मग रूप' असें शिकविलें, त्यानेंच ही चूक करावी! चूक दुरुस्त करावयाची तर तिच्याच भाषेंत करावी, असें ठरवून आम्हीं कन्येकडून एक व्याकरणाचें पुस्तक मागविलें आणि रोज पहांटे स्नानानंतर एक घटका त्यास दिली. त्या पुस्तकांत काय सांपडलें, तें आतां सांगतों.

स्पॅनिश भाषेचे धातु शब्दकोशांत 'बोलणें, खाणें' अशा भाववाचक रूपानेंच दिलेले असतात, आणि त्या रूपाच्या अंतीं आर्, एर्, ईर् यांपैकीं एक प्रत्यय असतो. संस्कृतांतील दहा गण पाठ करतांना ज्यांच्या डोळ्यांस पाणी आलें असेल त्यांस हें ऐकून समाधान वाटेल कीं येथें गण तीनच! शेवटचा प्रत्यय काढावा, उरेल तें अंग. त्यास पुरुष व वचन यांप्रमाणें प्रत्यय लावावे. नियमित धातूचें सारें रहस्य एवढेंच. 'बोलणें' याचा धातु 'आब्लार'. लिहितांना आरंभीं एक हकार असतो, पण तो मुका. (हा नियम आम्हीं चांगला घोकला होता, ऐन वेळीं त्याचें काय झालें तें पुढें येईलच.) 'आर्' काढला कीं उरलें 'आब्ल्'. त्याचीं वर्तमानकाळचीं रूपें अशीं:

यो आब्लो: मी बोलतों, बोलतें
तू आब्लास: तूं बोलतोस, बोलतेस
एल, एय्या आब्ला: तो बोलतो, ती बोलते
नोसोत्रोस आब्लामोस: आम्ही बोलतों
बोसोत्रोस आब्लाइस: तुम्ही पुष्कळ जण बोलतां
एय्योस आब्लान: ते बोलतात

आतां शेजारीं आपलीं रूपें ठेवून पाहा. वदसि, आब्लास: सकारास सकार. वदामः, आब्लामोस: मूळ 'मस्' प्रत्यय जसाच्या तसा. वदन्ति, आब्लान: शेवटचा 'ति' झडला, नकार राहिला. एकवचनीं वदति, आब्ला: येथें तर प्रत्ययच गळून गेला. पण स्पॅनिशची जननी जी लॅटिन, तिच्यांत या दोन्ही ठिकाणीं तकार होता. कन्येनें तो हरविला इतकेंच. 'मी'च्या रूपांत मात्र आमच्या 'मि'चा मागमूस नाहीं. लॅटिनमध्येंही तेथें नुसता ओकारच होता. या सर्व भाषा एका अतिप्राचीन मुळापासून फुटलेल्या आहेत, हें विद्वानांचें म्हणणें आम्हीं पुष्कळ वेळां वाचलें होतें. वाचणें निराळें, आणि नातीच्या तोंडून ऐकणें निराळें.

दुसऱ्या व तिसऱ्या गणाचीं रूपें अशींच, फक्त अकाराच्या जागीं एकार येतो. 'कोमेर' म्हणजे खाणें: कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. 'बिबीर' म्हणजे जगणें किंवा राहणें: बिबो, बिबेस, बिबे, बिबीमोस, बिबीस, बिबेन. या दोन गणांत भेद पडतो तो केवळ 'आम्ही' व 'तुम्ही' यांच्या रूपांत. बाकीचे प्रत्यय सारखे. शिवाय याच दोन रूपांत आघात प्रत्ययावर पडतो, इतर चार ठिकाणीं तो अंगावर असतो. तो चुकला तर ऐकणारास बोलणें कळण्यास वेळ लागतो.

हे धातुही आपल्या नात्यांतलेच. बिबीर हा आपल्या 'जीव्' धातूचा भाऊ. कोमेर यांतील 'कोम्' हा मूळचा उपसर्ग असून त्यामागें लॅटिनमधील 'खाणें' या अर्थाचा जो धातु आहे तो आपला 'अद्'. तिसरा 'बेबेर' म्हणजे पिणें; बेबे म्हणजे पितो. 'पिबति' आठवलें ना? आणि आब्लार हा लॅटिनमधील 'फाबुलारी' याचा वंशज. त्याच्या मुळाशीं 'फाबुला' म्हणजे गोष्ट हा शब्द आहे. बोलणें म्हणजे मुळांत गोष्टी सांगणें! फकाराचा स्पॅनिशमध्यें हकार झाला आणि पुढें तोही उच्चारांतून गेला. शेजारच्या पोर्तुगीजमध्यें मात्र फकार टिकला. तेथें बोलणें म्हणजे 'फालार'. १९६१ पूर्वी गोमंतकांत ज्यांचें शिक्षण झालें, त्यांच्या घरांत हा शब्द अपरिचित नसेल.

पोर्तुगीजवरून आठवलें. या गणांतील एक धातु आपणां सर्वांच्या घरीं दरमहा येतो. तो म्हणजे पगार! हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणें. स्पॅनिशमध्येंही हाच धातु याच अर्थानें चालतो: पागो, पागास, पागा, पागामोस, पागाइस, पागान. त्याचें लॅटिन मूळ 'शांत करणें' या अर्थाचें आहे. सावकारास शांत करणें म्हणजेच पैसे देणें. चौतीस वर्षें महिन्याच्या पहिल्या तारखेस आम्ही एका पहिल्या गणाच्या धातूची वाट पाहत होतों, हें आम्हांस आतां कळलें.

मात्र सर्वच धातु असे शहाण्यासारखे चालत नाहींत. असणें, जाणें, येणें हे रोज जिभेवर असणारे धातु झिजून वेडेवांकडे झालेले आहेत. तसे ते आपल्याकडेही आहेत. अस्मि आणि सन्ति हीं एकाच धातूचीं रूपें आहेत हें नवशिक्यास सांगावें लागतें. त्यांचें तोंड आम्हीं तूर्त पाहिलें नाहीं. जो सरळ चालतो त्याचें बोट धरून आधीं चालावें.

आतां सर्वनामांकडे वळूं, कारण आमचें घोडें अडलें होतें तें तेथेंच. पहिली गोष्ट, सर्वनाम बहुधा गाळतात. नुसतें 'आब्लो' म्हटलें कीं मी बोलतों हें कळलें. 'वदामि' म्हटल्यावर 'अहम्' कशाला? दुसरी गोष्ट, क्रियापदांत लिंगभेद नाहीं. आपलें 'बोलतों-बोलतें' हें मुळांत धातुसाधित विशेषण असल्यामुळें तें लिंगाप्रमाणें बदलतें. तेथें आजा आणि नात दोघेंही 'आब्लो' म्हणतात. तिसरी गोष्ट, आपल्यासारखा 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद त्यांच्यांत नाहीं. 'नोसोत्रोस' याची फोड 'आम्ही इतर' अशी आहे, म्हणजे मुळांत समोरच्यास बाहेर ठेवणारा तो शब्द; पण व्यवहारांत समोरच्यास कुशींत घेणारें 'आपण'ही त्यानेंच म्हणतात.

आणि 'तू'! हा शब्द त्यांचा आणि आपला एकच. आपण लिहितांना अनुस्वार देतों, ते देत नाहींत, एवढेंच अंतर. मग 'उस्तेद' कोठून आला? 'बुएस्त्रा मेरसेद' म्हणजे 'आपली कृपा', 'आपली मेहेरबानी' असें थोरांस संबोधीत. तें झिजतां झिजतां 'उस्तेद' झालें. आपण अर्जाच्या आरंभीं 'मेहेरबान' लिहीत असूं, त्यांतलाच हा प्रकार. मौज अशी कीं 'उस्तेद'बरोबर क्रियापद येतें तें मध्यम पुरुषाचें नव्हे, तर तृतीय पुरुषाचें: उस्तेद आब्ला. 'भवान् वदति' हें ज्यांनीं पाठ केलें आहे त्यांस येथें थबकावेंच लागेल. समोर बसलेल्याचा मान राखावयाचा तर तो येथें नाहींच असें समजून बोलावें, ही युक्ति दोन भाषांना निरनिराळ्या वेळीं सुचली. मानाबरोबर अंतर येतें, हें दोघींनींही व्याकरणांतच नोंदवून ठेवलें आहे. आमच्या नातीस तें कळलें होतें. आम्हांसच कळलें नव्हतें.

या 'तू-उस्तेद'ची वांटणीही सर्वत्र सारखी नाहीं. स्पेनमध्यें पुष्कळांस उद्देशून 'बोसोत्रोस' म्हणतात, पण अमेरिका खंडांतील स्पॅनिशभाषी देशांत तो चालत नाहीं. तेथें लहानथोर सर्वांस 'उस्तेदेस आब्लान'. अर्जेंटिनांत 'तू'ऐवजीं 'बोस' म्हणतात आणि त्याचें रूप 'आब्लास' असेंच, पण आघात शेवटच्या अक्षरावर. कोलंबियांत बोगोता नगराकडील पुष्कळ घरांत आईबाप मुलांसही 'उस्तेद' म्हणतात, आणि त्यांत परकेपणा नसतो. म्हणजे शब्द तोच. पण तो जवळचा कीं लांबचा, हें ज्या त्या घरानें ठरवावयाचें. आपल्याकडे तरी काय आहे? वडिलांस 'तुम्ही' म्हणणारीं मुलें आईस 'तूं' म्हणतात, म्हणून आईचा मान कमी झाला असें कोणी म्हणत नाहीं. देवास तर आपण एकेरीच हांक मारतों. स्पॅनिश माणूसही प्रार्थनेंत देवास 'तू'च म्हणतो.

कोणी म्हणेल, मराठी माणसास या भाषेची एवढी उठाठेव कशाला? पन्नास कोटींच्या आसपास लोकांची ती जन्मभाषा आहे आणि सुमारें वीस देशांत ती राजभाषा आहे, हें एक उत्तर. दुसरें उत्तर जवळचें आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ च्या सुमारास मेक्सिकोस गेले, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिशाळेंत अध्यापक झाले आणि मक्याच्या सुधारणेसाठीं त्यांनीं मोठें काम केलें. तेथील शेतकऱ्यांशीं बोलण्यासाठीं त्यांनींही कधीं तरी 'आब्लो, आब्लास' पासूनच आरंभ केला असेल.

राहिला वर्तमानकाळाचा उपयोग. येथें स्पॅनिश आपल्या फार जवळ आहे. रोजची संवय सांगावयाची, चाललेली गोष्ट सांगावयाची, तरी हाच काळ. 'नऊ वर्षें माद्रिदला राहतों' असें आपण म्हणतों. तेही 'बिबो' असा वर्तमानच योजतात. इंग्रजी शिकवितांना याच वाक्यापाशीं आमची मुलें वर्षानुवर्षें अडखळत. स्पॅनिशमध्यें तीं अडखळलीं नसतीं. लवकरच होणारी गोष्टही ते वर्तमानांत सांगतात. 'उद्यां येतों' म्हणतांना आपण काय करतों? वर्तमानाच्या निकटचा भूत व भविष्य हेही वर्तमानासारखे चालवितां येतात, अशी मोकळीक पाणिनींनीं देऊन ठेवलेली आहेच. स्पॅनिशचें पहिलें छापील व्याकरण आंतोनियो दे नेब्रिखा यांनीं १४९२ सालीं राणी इसाबेल हिला अर्पण केलें. आपले पाणिनि त्यापूर्वीं सुमारें दोन हजार वर्षें. पण भाषा शिकतांना वयाचा अभिमान उपयोगीं पडत नाहीं, याचा ताजा अनुभव गांठीं असल्यामुळें तो विषय येथेंच सोडतों.

सहा आठवड्यांच्या घोकणीनंतर एका रविवारीं आम्हीं कन्येस सांगितलें, "तिला म्हणावें, आबांना धडा म्हणून दाखवायचा आहे." नात आली, आईच्या पदराआडून अर्धी दिसत होती. आम्ही ताठ बसलों आणि म्हणालों, "तू हाब्लास, यो एस्कूचो." तूं बोलतेस, मी ऐकतों. दोन्ही धातु पहिल्या गणाचे, दोन्ही नियमित, आणि रूपें तपासून घेतलेलीं.

क्षणभर शांतता. मग पदराआडून खुदकन् हंसूं आलें. "आबा, हाब्लास नाहीं! आब्लास! ला आचे एस मूदा!" हकार मुका असतो! पाठ केलेला नियम ऐन परीक्षेंत विसरण्याचें पाप ज्या असंख्य मुलांच्या पदरीं आम्हीं बांधलें, त्यांनीं तें दृश्य पाहावयास हवें होतें. तिनें आमच्याकडून तो शब्द पांच वेळां म्हणवून घेतला. पांचव्या वेळीं "बिएन" म्हणजे "ठीक" असा शेरा मिळाला. मग तिला जें बोलावयाचें होतें तें सर्व ती बोलली: पडलेला दांत, मैत्रिणीचें मांजर, शाळेंतलें भांडण. आम्हांस त्यांतलें चतुर्थांश कळलें असेल. परंतु प्रत्येक वाक्यांतील सकार आम्ही ओळखीत होतों. तो आमच्यासाठीं होता.

ज्या वाचकांस हौस असेल त्यांनीं कांतार (गाणें), बेबेर (पिणें) आणि एस्क्रिबीर (लिहिणें) या तीन धातूंचीं सहा-सहा रूपें वरील रीतीनें करून पाहावीं. घरांत विद्यार्थी असल्यास त्यांच्यासमवेत बसावें. चुका त्यांस काढूं द्याव्या.

आतां दर रविवारीं निरोप घेतांना ती एक वाक्य म्हणते: "मान्याना आब्लामोस." उद्यां बोलूं. प्रत्यक्षांत तो 'उद्यां' आठ दिवसांनीं येतो, पण रूप वर्तमानाचेंच. पुस्तकांत पुढें पाहिलें तों असें आढळलें कीं या गणांत 'आम्ही बोललों' याचेंही रूप 'आब्लामोस' हेंच आहे. काल बोललों, आज बोलतों, उद्यां बोलूं, तिहींना एकच शब्द. आम्हीं तो वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे, मुक्या हकारासह.